किसुमूचे लोक समोरून येतात

"मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही," असं म्हणून कॅप्टन ओग्वेनोने तळलेल्या माशाचा डोळा अंगठ्याने काढून तोंडात टाकला. "नाही बसला तरी माझं काही अडत नाही. बॉम्बर पडायचे ते पडले."

रविवारची दुपार होती. किसुमूत सरोवराच्या काठी आपियोच्या आईच्या खानावळीच्या छपरात मंडळी जमली होती. ओकेच शिंपी होता, मोटारसायकलवर सवारी वाहणारा ओमुलो होता, आणि टेबलाच्या टोकाला अचोला होती. काट्यांचा ढीग एका बाजूला नीट रचत ती मुकाट्याने जेवत होती. जिच्या सायबर कॅफेत बसून हे सगळे लढायचे ती हीच. आठवडाभर तिथे लोक दाखले छापून घ्यायचे, शनिवारी दुपारी मात्र शटर अर्धं खाली यायचं आणि आत लढाई सुरू व्हायची. जगभरचे लोक एकाच आभाळात उतरत. अर्धे बॉम्बर घेऊन येत, उरलेल्या अर्ध्यांनी त्यांना वाटेत गाठून पाडायचं. आभाळ पडद्यावरचं आणि विमानंही पडद्यावरचीच. अपमान तेवढा घरी घेऊन जावा लागे.

आणि अपमान भरपूर झाले होते. त्यांच्या बाजूचा सेनापती होता डेटलेफ नावाचा एक जर्मन. त्याचं म्हणणं असं की किसुमूची इंटरनेटची लाईन इतकी हळू आहे की किसुमूची विमानं इतरांच्या पडद्यावर बेडकासारख्या उड्या मारतात. वर हे लोक शनिवारी निम्मे गैरहजर. का, तर मयताला गेले. दर शनिवारी कुणाचं मयत असतं, हे डेटलेफला पटेना. ओग्वेनोने त्याला समजावून सांगितलं होतं की आमच्याकडे माणसं आठवडाभर मरतात, पण पुरायची शनिवारी, म्हणजे नैरोबीहून नातेवाईक येतात, मंडप पडतो, भाषणं होतात. डेटलेफने उलट विचारलं होतं की तुमचं गाव अजून संपलं कसं नाही.

आज मात्र त्याच डेटलेफचं सकाळीच पत्र आलं होतं. पुढच्या शनिवारी आपल्या बाजूची सगळी विमानं किसुमूच्या पद्धतीने, समोरून हल्ला करतील, आणि त्यांच्या पुढे राहील तो किसुमूचा चार नंबर, ज्याने काल तेलकारखान्याच्या तोंडाशी शेवटचा बॉम्बर पाडला. त्याचं नाव अंधार पडायच्या आत कळवा.

गोम इथेच होती. किसुमूच्या पथकात वेगळी नावं कुणालाच नव्हती. होडीत जाळं कुणीही ओढलं तरी मासळी होडीची, या काठावरच्या रिवाजाने त्यांनी सगळ्यांचं नाव 'किसुमू' ठेवलं होतं आणि पुढे फक्त खुर्चीचा आकडा. खुर्च्या दर शनिवारी बदलायच्या. काल ओकेचच्या चुलत्याचं मयत होतं, त्यामुळे बाकीचं सगळं पथक बोंडो गावी गेलं होतं. कॅफेत दोघंच होती, ओग्वेनो आणि अचोला. चार नंबरच्या खुर्चीत कोण होतं हे त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक असणार?

"चार नंबरला मी होतो," ओग्वेनोने बसल्या बसल्याच सांगून टाकलं होतं. अचोलाने पाण्याचा पेला उचलला आणि परत खाली ठेवला.

ओग्वेनोला हे नाव हवं होतं. नुसतं हवं होतं असं नाही, पत्र आल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. सरोवरावरच्या शेवटच्या फेरीबोटीचा तो कप्तान. पाणवेलींनी धक्का गिळला, बोट गंजली, पण अंगावरचा पांढरा सदरा काही त्याने सोडला नाही. आयुष्यभर त्याच्यामागे चालले ते फक्त केळ्यांचे घड आणि कोंबड्यांच्या टोपल्या. आता गोऱ्यांची सबंध फौज त्याच्या शेपटीमागे उडणार होती.

"आधी हे सांगा," ओकेच म्हणाला, "माझ्या चुलत्याच्या मातीला तुम्ही का नाही आलात? गुडघा दुखतो म्हणून निरोप धाडला होतात."

"दुखतच होता. म्हणून तर बसून लढलो."

ओमुलो हसला. ओकेचला हसू आवरेना, पण चुलत्याचा मान राखून त्याने ते मक्याच्या उगालीच्या घासाबरोबर गिळलं.

मग ओग्वेनोने सुरुवात केली. त्याने सांगितलं की बॉम्बर इतके आले होते की पडद्यावर निळा रंग शिल्लक राहिला नाही. पावसाच्या आधी सरोवरावर चिलटांचे काळे खांब उठतात ना, तसे. ओमुलोने विचारलं की नेमके किती. ओग्वेनो म्हणाला की चिलटं कोणी मोजतं का. मग त्याने सांगितलं की डेटलेफने दोघांनाच पाहून कपाळाला हात लावला आणि हुकूम सोडला की किसुमूने विमानांना हात लावायचा नाही, खाली कारखान्याजवळच्या जमिनीवरच्या तोफांवर जाऊन बसायचं. हेही जमत नसेल तर चालू लागा आणि परत येऊ नका.

"मग?" आपियोची आई कढईपाशीच थांबून ऐकत होती.

"मग मी म्हणालो, डेटलेफसाहेब, लाईन आमची हळू आहे. आम्ही नाही."

हे वाक्य खरंच म्हटलं गेलं होतं. अचोलाने मान हलवली आणि ओग्वेनोला बळ आलं.

त्याने सांगितलं की दोघं हुकूम मोडून उडाली. बाकीची सगळी विमानं बॉम्बरांच्या मागे लागली, कारण पुस्तकात तसं आहे आणि डेटलेफच्या डोक्यातही तसंच. आता बॉम्बर एकेकटा येत नाही. तीन-तीन एकमेकांना चिकटून येतात, आणि तिघांच्याही शेपटीत बंदुका. त्यांच्या मागे जाऊन बसलं की त्यांना घाई नसते. चहा पीत पीत तुम्हाला पाडतात. डेटलेफची माणसं पावसातल्या चिलटांसारखी गळत होती. किसुमूची दोन विमानं मात्र बाजूने वर चढत चढत बॉम्बरांच्याही कितीतरी पुढे निघून गेली.

"डेटलेफ ओरडला की किसुमू पळालं. ऐकलंत? पळालं म्हणे. मी उत्तर दिलं नाही. इतक्या उंचावर बोलायला दम पुरत नाही. अरे, इतके वर गेलो की मला खुर्चीत थंडी वाजायला लागली. टेबलावरच्या चहावर साय नाही, बर्फ धरला."

"किसुमूत?" ओमुलो म्हणाला.

"तू बोंडोला होतास. तुला काय ठाऊक."

"पंखा तुमच्याकडे वळवला होता मी," अचोला सौम्यपणे म्हणाली, आणि सगळे पुन्हा हसले. ओग्वेनोही हसला. अशा खोटेपणाला ती कधी हरकत घ्यायची नाही. गोष्टीला मीठ लागतं हे तिलाही कळत होतं.

समोरून जायची अक्कल ओग्वेनोची, हे मात्र खरं, आणि ती त्याला त्या हळू लाईननेच शिकवली होती. किसुमूहून तिकडे चित्र पोचतं ते जरा शिळं होऊनच. गोळी लागली की नाही हे मारणाऱ्याच्या पडद्यावर ठरतं. मागे बसून राहिलं तर शिळ्याचा काही उपयोग नाही. पण समोरून, दोघं एकमेकांवर धावत असताना, बॉम्बरवाल्याला तुम्ही अजून लांबचा ठिपका दिसता, तो बंदूक वळवतो, नेम धरतो, आणि तोवर तुम्ही त्याच्या काचेत गोळ्या ओतून त्याच्या पोटाखालून निघूनसुद्धा गेलेले असता. ज्याला डेटलेफ बेडूकउड्या म्हणायचा ती किसुमूची ढाल होती.

ओग्वेनोने माशाचं डोकं एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या तोंडावर आणली. "असा. आधी विमान उलटं करायचं, डोकं खाली. मग दांडा ओढायचा. त्याची काच पडदाभर होईस्तोवर बोट चापावर ठेवायचं पण दाबायचं नाही. सगळ्यांना तिथेच घाई होते. मी दाबलं तेव्हा त्या वैमानिकाच्या मिशा दिसत होत्या."

"मिशा कुठून दिसणार?" ओकेच म्हणाला.

"त्या होत्या म्हणून दिसल्या."

पहिल्या तिघांतले दोन बॉम्बर त्या एका झेपेत पडले. हेही खरं होतं. एक ओग्वेनोने पाडला, एक अचोलाने, पण सांगताना दोन्ही ओग्वेनोच्या पदरात पडले. अचोलाने काट्यांच्या ढिगावर आणखी एक काटा ठेवला. ओग्वेनो पुढे सांगत होता. डेटलेफने विचारलं की हे कोण, आणि कुणीतरी म्हणालं, किसुमू. मग डेटलेफच्या माणसांतले दोघं-तिघं मागचं सोडून पुढे यायला निघाले. डेटलेफ त्यांना परत बोलवत होता, पण त्याचं कुणी ऐकेना.

इथवर येऊन ओग्वेनोने घोटभर पाणी घेतलं. इथून पुढची वाट निसरडी होती. त्याच्या इंजिनात गोळी बसली होती, काचेवर काळं तेल पसरलं होतं, हे त्याने सांगितलं. त्यापुढे जे झालं ते त्याने काल संध्याकाळपासून स्वतःच्याच मनाशी इतक्या वेळा बदलून पाहिलं होतं की नवीन गोष्ट आता जिभेवर जास्त सोपी यायची.

"इंजिन बंद," तो म्हणाला. "दुसरा कुणी असता तर उडी मारून मोकळा झाला असता. मी बोटीचा कप्तान आहे. बोट बंद पडली तरी वाऱ्यावर धक्क्याला लावलेली आहे. आणि पुढे बघतो तर शेवटचे तिघे कारखान्याच्या तोंडाशी पोचलेले. त्यातले दोन खालच्या तोफांनी उडवले. उरला एक. त्याच्या पोटाची दारं उघडली होती, आतले बॉम्ब मला मोजता येत होते. तो कारखाना पडला असता तर आपलं नाव कायमचं पुसलं गेलं असतं, डेटलेफने सांगितलंच होतं तसं."

छपरात कुणी घास घेत नव्हतं. आपियोच्या आईने कढई खाली उतरवली.

"मी बंद इंजिनाचं विमान घारीसारखं गोल फिरवत त्याच्या समोर आणलं. वारा होता म्हणून जमलं."

"पडद्यावर वारा?" ओमुलो पुटपुटला, पण ओकेचने त्याला कोपराने ढोसलं. ओकेचने खिशातून फोन काढून ठेवला होता. जर्मनीला नाव पाठवायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याने पहिली दोन अक्षरं लिहूनही टाकली होती.

ओग्वेनोने ते पाहिलं. इथे थांबला असता तर सगळं झालं असतं. पण चांगली चाललेली गोष्ट सोडवत नाही, आणि समोरच्यांचे चेहरे बघून त्याला वाटलं की अजून एक पायरी चढू या.

"अचोला माझ्या मागे होती," तो म्हणाला. "बिचारी घाबरली होती. मी म्हणालो, पोरी, तू मागे फिर, तळावर जा, हे तुझं काम नाही. ती गेली. मग मी एकटाच त्याच्या अंगावर गेलो, काच पडदाभर झाली, आणि मी..."

"कॅप्टन," अचोला म्हणाली.

तिने हात धुवायच्या भांड्यात बोटं बुडवली, फडक्याला पुसली, आणि फोन धरलेल्या ओकेचकडे वळून बसली. आवाज तिने मुळीच चढवला नाही.

"तेल उडाल्यावर कॅप्टनचं विमान पडद्यावरच्या समुद्रात पडलं. त्यांचा पडदा काळा झाला होता. मग ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, माझा खांदा धरून हलवायला लागले आणि ओरडायला लागले, मागून जा, मागून जा, डेटलेफ सांगतोय तसं मागून जा. अजून दुखतोय खांदा. मी ऐकलं नाही, समोरून गेले. चार नंबरला मी होते, ओकेच. ती दोन अक्षरं पूस आणि माझं नाव लिही."