तबकडीतल्या पाण्याचे वाटेकरी

घरात दोन शास्त्रज्ञ, आणि तेही एकमेकांचे नवराबायको. त्यामुळे चारशे प्रकाशवर्षांवरची भांडणं दुपारच्या चहापर्यंत घरी पोचायची.

एका कोवळ्या ताऱ्याभोवती वायूची आणि धुळीची तबकडी फिरत होती. पुढेमागे तिचे ग्रह व्हायचे होते. दुर्बिणीने तिचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उबेचा प्रकाश टिपला, आणि संगणकावर कंगव्यासारखा आलेख उमटला. त्यातले काही दाते पाण्याच्या वाफेचे, काही कार्बन डायऑक्साइड वायूचे. पाणी बायकोकडे, वायू नवऱ्याकडे. रीत अशी, की आधी त्याने आपला वायू वजा करायचा आणि उरलेल्यात तिने पाणी शोधायचं.

या खेपेला उरलंच नव्हतं. दुर्बीण पुन्हा वापरायला मिळावी म्हणून करायचा अर्ज पाचच्या आत जायला हवा होता. पाणी नाही तर अर्ज नाही, आणि अर्ज नाही तर तिची तीन वर्षं फुकट.

"अगं, कोरडी असेल तबकडी," नवरा बिस्कीट बुडवत म्हणाला. "असतात काही. तुझ्या विनोदांसारख्या."

"तुझ्या वायूने गिळलंय माझं पाणी."

"उगाच आळ घेऊ नकोस. सज्जन आहे तो."

"तुझ्यावर गेलाय, म्हणून तर संशय."

सासूबाई खिडकीशी बसून शिवण उसवत होत्या. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण उसवण्याचा सोस काही सुटला नव्हता.

"याचं आधी का कापता?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"एका कापडात दोघांचं बसवायचं, तर दोन्ही नमुने एकदम मांडून बघावेत, मग कातर लावावी. याला आधी वाढलं की दुसऱ्याला उरत नाही, हे मी याच्या लहानपणापासून बघतेय."

सून कप तसाच टाकून उठली. पाणी आणि वायू, दोन्ही एकदम आलेखावर बसवायला लावले. संगणक तासभर घुरघुरला. कोपऱ्यातल्या चार दात्यांपाशी वायू मागे सरला, आणि तिथे पाणी होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं भरपूर.

पाचला सात मिनिटं असताना अर्ज गेला. तिने डोळे पुसले आणि चष्मा पुसतेय असं दाखवलं. चष्मा टेबलावर होता.

"आई, माझा निम्मा वायू गेला गं," नवरा कुरकुरला.

सासूबाईंनी दोरा दाताने तोडला. "तुला तो सैलच होत होता."