एकच टमरेल

दोन हजार नऊ साली, धानकापणीत, सौंदडचा सेवकराम बांधावरून पडला. खुबा मोडला. गोंदियाच्या एका दवाखान्यात त्याला खाटेवर निजवलं, लघवीला नळी लावली. खाली लोंबणारी पिशवी रिकामी करायचं काम त्याच्या बायकोकडे, भागीरथाकडे आलं.

शेजारच्या खाटेवर सालेकशाचा म्हातारा उदाराम. त्यालाही नळी, आणि आठ दिवसांपासून हटत नसलेला ताप. जवळ एकटी सून, प्रेमिला. सासऱ्याच्या पिशवीला हात लावायचा म्हटलं की तिची मान खाली जाई.

"काऊन लाजून राहिली वं? इंगळ होय का ते, हात भाजाले?" भागीरथा हसली. "सर तिकडं. मी करतो."

तेव्हापासून तिचं निळं टमरेल दोन्ही खाटांखाली फिरलं. आधी उदारामचं, मग सेवकरामचं. मधे पाण्यानं खळबळून घेई. झालं.

सातव्या दिवशी सेवकराम थंडीनं कुडकुडू लागला. इंजेक्शनं बदलली, ताप तसाच. लघवीचा रिपोर्ट आला तेव्हा अलका सिस्टर खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"काकू, उदारामच्या लघवीतले जंतू आणि यांचे एकच आहेत. ज्या औषधांनी तिथे काम केलं नाही, ती इथेही करणार नाहीत."

"मंग दुसरं द्या ना जी."

"तीन बदलली. आता एकच उरलं, तेही किडनीला बाधतं. म्हाताऱ्याला कालपासून तेच चालू आहे." सिस्टर वाकली. खाटेखाली निळं टमरेल होतं. "दोघांना हे एकच?"

"धुवत होतो जी मी."

"साबणानं? हात?"

भागीरथानं हात पदराआड घेतले. चाळीस खाटांना दोन सिस्टर. हे नातेवाइकांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदाराम गेला. गाठोडं बांधताना प्रेमिलानं आपल्या कापडी थैलीतून एक टमरेल काढलं. कोरं, दुकानाची चिठ्ठीसुद्धा निघालेली नव्हती.

"पहिल्याच दिवशी आणलं होतं, मावशी. तुम्ही करून राहिल्या होत्या, मंग काढलंच नाही. ठेवा तुमच्यापाशी. लय केलं तुम्ही आमच्यासाठी."

भागीरथानं ते घेतलं. तिला मान वर करवेना.

"भरली वं पिशवी," सेवकराम ग्लानीत पुटपुटला. "कुठं गेली तू?"

तिनं नळावर कोपरापर्यंत साबण चोळला, पुन्हा चोळला. मग नवं टमरेल घेऊन खाटेखाली बसली. लघवी पडू लागली, तांदळाच्या धुवणासारखी गढूळ.