साहेबांसाठीचे शिंपले

ठिकाण: तलावाचा बोटिंग धक्का, देगलूरपासून अकरा किलोमीटर.

वार: रविवार. (ठरलेला वार मंगळवार. पण मंगळवारी नांदेडला ट्रेनिंग होतं, म्हणून रेणुका दोन दिवस आधीच आली. कुणालाही न कळवता.)

पाण्याचा रंग: हिरवट

खोडलं. हिरवा

पेन तसंच हातात धरून ती धक्क्याच्या उतरणीवर उभी राहिली. जिथून बोटी पाण्यात ढकलतात तिथं वाऱ्यानं शेवाळाचा जाड थर लोटून आणला होता. कुणीतरी ऑइलपेंटचा डबा पालथा करून निघून गेल्यासारखा. गेल्या मंगळवारी एवढा नव्हता, आणि सहा आठवड्यांपूर्वी तर फक्त कडेला एक रेघ होती.

म्हणजे सहा आठवडे पाणी हिरवं होत चाललं होतं आणि सहा आठवडे नांदेडच्या प्रयोगशाळेतून येणारा शिंपल्यांतल्या विषाचा आकडा घसरत चालला होता. रेणुकाला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसलं की ती फॉर्मचं पान उलटायची.

तिचं सरकारी काम तसं साधं. असलं शेवाळ पाण्यात विष सोडतं. शिंपले तेच पाणी रात्रंदिवस गाळून पितात आणि विष त्यांच्या मांसात साठतं. खाणाऱ्याच्या लिव्हरवर येतं. म्हणून दर आठवड्याला तळातले बारा शिंपले काढायचे, बर्फाच्या डब्यात घालून नांदेडला न्यायचे. आकडा मर्यादेत आला तर धक्क्यावरच्या खांबाला हिरवी पाटी लावायची, ‘शिंपले खाण्यास हरकत नाही’. नाहीतर लाल. लाल पाटी कोरी करकरीत तिच्या पिशवीतच होती.

नमुना कुणी गोळा केला: स्वतः ☑

हे खोटं होतं.

पहिल्याच मंगळवारी ती गुडघाभर पाण्यात उतरली, गाळानं एक चप्पल गिळली, आणि पोहता न येणारी ती घाबरून काठाकडे पळाली. काठावर कपडे धूत बसलेली नागम्मा खो खो हसली. चाळीस वर्षांपूर्वी तेलंगणातून या काठावर लग्न होऊन आलेली बाई. छातीभर पाण्यात उभी राहून पायाच्या बोटांनी शिंपले उचलायची.

‘‘तू बस बिड्डा, लेकरा, मी देते. किती पायजे?’’

‘‘बारा. साहेबांना लागतात.’’

एवढंच सांगितलं होतं. शेवाळ, विष, लिव्हर हे सगळं सांगायला वेळ लागला असता. पुढच्या मंगळवारपासून नागम्मा बारा शिंपले तयार ठेवायला लागली. डब्यात घाला आणि निघा. रेणुकाला ते सोयीचं झालं.

नमुन्याची स्थिती:

‘‘आज कशी आली गं? आज न्हाईत तयार,’’ नागम्मा अंगणातूनच ओरडली.

‘‘तयार म्हणजे? अम्मा, तळातून काढायचे आणि द्यायचे. त्यात तयार काय करायचं?’’

‘‘अगाई! तसेच कच्चे? गाळासकट?’’ नागम्मानं तिला हाताला धरून हापशापाशी नेलं. तिथं एक निळा टब होता. स्वच्छ पाणी, तळाशी शिंपले, वर ज्वारीच्या पिठाचा पांढुरका तवंग. ‘‘हे बघ, कालच टाकलेत. तीन दिवस हापशाच्या पाण्यात ठिवायचे, मूठभर पीठ टाकायचं, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. पोटातला समदा गाळ सोडतेत. साहेबाच्या दातात खडा आला तर मला काय म्हनंल?’’

रेणुकाला आधी कळेचना.

‘‘अम्मा, साहेब हे खात नाहीत.’’

‘‘मंग काय करतेत? हर हप्त्याला बारा बारा!’’

‘‘तपासतात. विष आहे का ते.’’

नागम्मा हसायला लागली. एवढी हसली की तिला हापशाचा दांडा धरावा लागला. ‘‘मी घरी सांगून राहिले, नांदेडचा साहेब लई शौकीन हाय, माज्याच हातचे शिंपले मागतो!’’

रेणुका हसली नाही. तीन दिवस. स्वच्छ पाणी. गाळाबरोबर शिंपल्यानं आणखी काय काय सोडलं असेल? सहा आठवडे प्रयोगशाळेनं या तलावातले शिंपले तपासलेच नव्हते. या टबातले तपासले होते. आणि खांबाला हिरवी पाटी

‘‘तुम्ही घरी पण असेच धुऊन खाता ना?’’ तिनं विचारलं. उत्तर हो यावं, एवढंच तिला हवं होतं.

‘‘आमाला कुठला टाइम? काढले की कालवणात. चांगले तुमाला, गाळाचे आमाला.’’ मग पाठीवर थाप मारून म्हणाली, ‘‘आन् तुजी हिरवी पाटी लागल्यापास्नं तर रोजच. पयलं भीती वाटायची हिरव्या पाण्याची. पाटी बघून सूनबाईला पन सांगितलं, खा, सरकारनंच लिव्हलंय. पाचवा महिना हाय तिला, अंगाला लागंल.’’

आतल्या खोलीतून ओकारीचा आवाज आला.

‘‘साक्षी,’’ नागम्मा म्हणाली. ‘‘चार दिस झाले. पोटुशीला होतंच की असं.’’

पाचव्या महिन्यात?

निरीक्षण: साक्षी भिंतीला टेकून बसलेली. ओठ कोरडे. हाक मारली तर मान वर करते, पण सावकाश. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर आहे, की खिडकीतल्या उन्हामुळे, की आपल्याला तसं दिसावं इतके आपण घाबरलो आहोत

निरीक्षण: पिवळसर आहे.

तिनं अंगणात येऊन फोन लावला. प्रयोगशाळेचे शिवप्रसाद सर लातूरला एका लग्नात होते, मागे बँड वाजत होता.

‘‘रेणुका मॅडम, शांतपणे सांगा. नमुने तुम्ही स्वतः काढले नव्हते?’’

‘‘नाही सर.’’

‘‘फॉर्मवर तर सही आहे तुमची.’’

‘‘हो सर.’’

बँड थांबला, पुन्हा सुरू झाला. ‘‘आज ताजे नमुने घ्या. बुधवारी आकडा येईल, मग बोलू. तोपर्यंत पाटीला हात लावू नका. आणि शिंपल्यांचं तिथं कुणापाशी बोलू नका. अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. हे तुमच्या भल्याचंच सांगतोय.’’

बुधवारपर्यंत तीन दिवस. साक्षी तर दोन जिवांची.

ती धावत धक्क्यावर आली. बोटिंगचे कंत्राटदार व्यंकटराव खुर्ची टाकून बसले होते, लाइफ जॅकेटचा ढीग शेजारी. गिऱ्हाईक यायचं होतं. रेणुकानं खांबावरची हिरवी पाटी ओढून काढली. खिळ्यानं तळहात फाडला.

‘‘ओ मॅडम! रविवारच सापडला का तुमाला? रिपोर्ट दाखवा आधी!’’

‘‘रिपोर्ट नाही.’’

‘‘मग कशाच्या जिवावर?’’

‘‘आधीचे सहा रिपोर्ट खोटे आहेत, व्यंकटराव. माझ्यामुळं.’’ तिनं लाल पाटी अडकवली, वाकडी बसली. ‘‘तुमची जीप द्या. नागम्माची सून आजारी आहे. तिनं शिंपले खाल्लेत.’’

व्यंकटराव उठले, त्यांनी पाण्याकडे बघितलं, आणि खिशातून चावी काढली. ‘‘मीच चालवतो. तुमी आधी त्या हाताला रुमाल बांधा, रगत चाललंय.’’

देगलूरच्या वाटेवर साक्षी दोनदा ओकली. रेणुकाच्या मांडीवर. निघताना धक्क्यावरची लाल पाटी नागम्मानं पाहिली होती. नागम्मा सुनेचं डोकं धरून तेलुगूत काहीतरी पुटपुटत राहिली. रेणुकाला तेलुगू येत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक शब्द आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटत राहिलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी साक्षीची पापणी खाली ओढून पाहिली. बरगड्यांखाली उजव्या बाजूला दाबलं. साक्षी कळवळली. पोटातल्या बाळाचे ठोके लागले, भरभर, पण लागले. रक्त काढून नळी तपासणीला गेली.

‘‘कावीळ दिसतेय. कशामुळं ते बघावं लागेल. खाण्यात काय आलं होतं?’’

‘‘घरचंच,’’ साक्षी म्हणाली. ‘‘भाकर. कालवण.’’

‘‘बाहेरचं? दुसरं काही?’’

नागम्मानं रेणुकाकडे पाहिलं. जीपमध्ये तिला सगळं उमगलं होतं, तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. रेणुका वाट बघत राहिली, आता ही बोट दाखवेल. नागम्मानं पदर सारखा केला आणि मान हलवली.

‘‘न्हाई बाई. दुसरं काय न्हाई.’’

डॉक्टरीणबाईंनी लिहायला घेतलं. नागम्मा रेणुकाच्या कानाशी हळूच पुटपुटली, ‘‘गप ऱ्हा. नवकरी जाईल तुजी.’’

पेन ओळीच्या अर्ध्यावर होतं. चुकीच्या कारणासाठी चुकीचं औषध लिहायला एवढीच ओळ पुरेशी होती.

‘‘शिंपले,’’ रेणुका म्हणाली. ‘‘तलावातले शिंपले. हिरव्या शेवाळातले. सहा आठवडे, जवळजवळ रोज. खायला हरकत नाही असं मीच लिहिलं होतं.’’

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. ‘‘तुम्ही?’’

‘‘हो. माझं नाव पण लिहून घ्या. आणि धक्क्याजवळच्या आणखी चार घरांत हेच शिंपले शिजतात, त्यांची नावं सांगते.’’

नागम्मा मटकन बाकावर बसली. त्या चार घरांतलं एक तिच्या लेकीचं होतं.