अधिक चार

सुरतजवळ उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, तीन नंबरच्या मशीनचं तापमान चार अंश जास्त दिसायचं. गेली अकरा वर्षं हे सगळ्यांना माहीत होतं, शेठ सोडून. आणि तापमान बघत बसायची हौस फक्त शेठना होती. त्यांना केबिनमध्ये वेगळा डिस्प्ले हवा म्हणून मशीनच्या सिग्नलची तार तिथवर ओढली. तिला मशीनपाशी एक अर्थिंग होतंच, केबिनमध्ये दुसरं मिळालं, आणि दोन्हींच्या मधून भटका करंट फिरायला लागला. चार अंश त्याचे.

डाइंग ऑपरेटर दगाने यावर उपाय काढला होता. रंगाला एकशेतीस हवे असले की पॅनलवर एकशेचौतीस लावायचे. विसरू नये म्हणून पॅनलच्या दारावर त्याने ऑइलपेंटने लिहून ठेवलं: +४. दसऱ्याला मशीनची पूजा होई, तेव्हा त्या आकड्यालाही हळदकुंकू लागे. कापड उत्तम निघे.

मग शेठनी केबिनमध्ये दोन टनांचा एसी बसवला. तोही त्याच अर्थिंगवर; चालू झाला की चाराचे सात होत. दोन लॉट फिके निघाले. शेठनी दगाला बोलावून सांगितलं, तिसरा बिघडला तर गावी जायचं. दगाचं वय बावन्न. गावी जाऊन काय करायचं, ते शेठनी सांगितलं नाही.

मिलची मीटरं आणि पॅनल बघणारा हिलाल नवागाममध्ये दगाच्याच गल्लीत राहायचा. त्याने शेठकडे आयसोलेटर मागितला. बोटभर रुंदीचा डबा. सिग्नल तेवढा पलीकडे पोचवतो, तारेचा तारेशी संबंध ठेवत नाही.

"एका घरात दोन चुली मांडायच्या, शेठ. भाजीची वाटी पलीकडे जाते, भांडण जात नाही."

शेठना हे पटलं; त्यांच्या घरात तशा तीन होत्या. तरी डबा यायला पाच महिने लागले; मधे हिवाळा होता, एसी बंद राहिला, म्हणून दगा टिकला.

मंगळवारी दुपारी हिलालने तो बसवला. वेगळं थर्मामीटर लावून पडताळलं. एसी लावून पाहिला, बंद करून पाहिला. अर्ध्या अंशाचाही फरक नाही.

"दगाभाऊ, आता एकशेतीस म्हणजे एकशेतीस. चार विसरायचे."

"माले समजनं, आप्पा," दगा म्हणाला.

दारावरचा आकडा पुसायला हिलालने थिनरचा फडका हातात घेतला. आकड्यावर दसऱ्याचं कुंकू होतं. त्याने फडका परत ठेवला. दगाला सांगितलंय की.

बुधवारचा मरून लॉट एकशेचौतीसवर शिजला आणि काळपट निघाला.

"मी नही रे आप्पा, मन्हा हात गया," दगा खालच्या आवाजात म्हणाला. "समोर लिखेल व्हतं."

"माले माहीत शे," हिलाल म्हणाला. त्याला तो फडका आठवत होता.

शेठ कापड चिमटीत धरून उभे होते. "हिलालभाई, एटलुंज कहो, एवढंच सांगा. डब्बो खराब के माणस खराब?"

हिलालने नोकरीत कधी खोटं रीडिंग दिलं नव्हतं. ते काम मशीनकडे होतं. त्याने दगाकडे पाहिलं नाही. डब्याकडे पाहिलं. डब्याचा हिरवा दिवा इमानेइतबारे जळत होता.

"डबा," तो म्हणाला.

"जोयुं? बघितलं?" शेठ म्हणाले. त्यांना पहिल्यापासून शंका होती. "पाच महिना वाट पाहून खराब माल आणला. काढी नाखो!"

डबा आता 'खराब' अशी चिठ्ठी लावून स्टोअरमध्ये पडला आहे. चिठ्ठीवर हिलालची सही आहे. दगाची नोकरी आहे, एसीही आहे. हिलालने आपलं टेबल केबिनबाहेरच्या बोळात हलवून घेतलं. कोणी विचारलं तर तिकडे उकडत होतं म्हणतो. एसीची घरघर ऐकू आली की तो फोन उचलतो.

"दगाभाऊ, सात."

"सात," दगा म्हणतो.

घरघर थांबते. पुन्हा फोन. "चार."

हे दिवसातून पंधरा-वीस वेळा होतं. दुपारी हिलाल जेवणाचा डबा मांडीवर घेऊन केबिनच्या दाराकडे कान देऊन बसतो. लॉट एकही बिघडलेला नाही.

काल शेठनी त्याला आत बोलावलं. कामावर खूश होते. उन्हाळा फार वाढलाय, शेजारच्या खोलीतही एसी बसवतोय, म्हणाले.



"किती टनांचा?" हिलालने विचारलं.