मार्तंडच्या खणातला पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. माझी मुदत अजून संपलेली नाही, पण मला आता कुणी कुठे नेत नाही. घाटकोपरच्या एका घरात, कपाटातल्या साड्यांखाली मी पडून असतो.

मी तेजलचा. टपालाने आलो तेव्हा सही तेजलने केली, पण पाकीट फोडलं तिच्या पप्पांनी. शिवदास त्यांचं नाव. अंधेरीच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर लेथ चालवला. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा डावा हात लुळा होता. उजव्या हाताने त्यांनी माझं एकेक पान उलटलं आणि म्हणाले, "आपल्या घरातला पहिला पासपोर्ट. जपून ठेव गं, बाळा."

तेजल पवईत नोकरी करायची. ऑस्ट्रेलियात वर्षभर फिरता फिरता काम करायला देणारा व्हिसा आपल्याकडच्या मुलांसाठी खुला झाला होता. वय अठरा ते तीस. अर्ज ढिगाने, म्हणून सोडत. तेजल तीस वर्षांची होती. तिच्यासाठी ही शेवटची संधी. सोडतीत नाव निघालं तेव्हा घरात पेढे आले. माझ्या पानावर मात्र व्हिसाचा शिक्का उमटला नाही, व्हिसा तिच्या ईमेलवरच आला. मला थोडं वाईटच वाटलं.

"दुसरं वर्ष हवं असेल तर तिकडच्या गावाकडे तीन महिने शेतावर राबावं लागतं," तिने पप्पांना वाचून दाखवलं.

"राब की. आपल्याला कामाची कसली लाज?" पप्पा म्हणाले.

आम्ही गेलो. द्राक्षांच्या मळ्यावर मजूर पुरवणारा मार्तंड हा मूळचा बोरिवलीचा निघाला. परक्या मुलखात मराठी ऐकून तेजलचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "पासपोर्ट माझ्याकडे दे. सगळ्या पोरांचे माझ्याकडेच असतात. तू बिनघोर राहा."

आणि तिने मला देऊन टाकलं.

टेबलाच्या खणात मी इतर पासपोर्टांवर जाऊन पडलो. वर कुलूप लागलं. तेजलचा आवाज तेवढा अधूनमधून कानावर यायचा. पहिल्यांदा हसरा, मग थकलेला. उन्हाने तिचे ओठ फुटले होते म्हणे. एकदा तिने मला परत मागितलं. "तीन महिने भर, मग बघू. कामाचा कागद मीच देणार आहे ना? की दुसरं वर्ष नकोय तुला?" मार्तंड म्हणाला. ती परत मळ्यावर गेली.

एका सकाळी ती धावतच आली. "मार्तंडदादा, पप्पांना परत झटका आलाय. आयसीयूत आहेत. मला आजच निघायचंय."

"सीझन ऐन भरात आलाय, तेजल. रविवारी बघू."

"माझा बाप मरतोय रे!"

"मग कामाचा कागद विसर. बेकायदा राहिलीस म्हणून सरकारला कळवीन, परत पायच ठेवता येणार नाही इथे."

ते खोटं होतं. पण घाबरलेल्या माणसाला खरं-खोटं कुठे कळतं? ती रविवारची वाट बघत राहिली. मी खणात होतो, मित्रांनो. मला ना हात, ना आवाज.

शेवटी तिच्या खोलीतली मुलुंडची जान्हवी तिला घेऊन आली. मार्तंडसमोरच ओरडली, "अगं, पासपोर्ट ठेवायचा याला हक्कच नाहीये! लाव पोलिसांना फोन, मी आहे ना!" एक पोलीस बाई आल्या. त्यांनी चढ्या आवाजात एक शब्दही काढला नाही. मार्तंडने मुकाट्याने कुलूप उघडलं. एवढंच करायचं होतं.

विमानतळावर तेजलने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. तेवढ्यात तिच्या भावाचा, धम्मपालचा, फोन आला. पप्पा गेले. ती खाली बसली. लोक तिला वळसा घालून जात राहिले.

घरी पोहोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तेजलची आई, शकूआई, भिंतीला टेकून बसली होती. धम्मपाल म्हणाला, "किती थांबणार होतो आम्ही, तेजल? पप्पा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते." मग त्यालाच रडू फुटलं.

तेजल परत गेली नाही. पुढे तिला एकतीस पूर्ण झाली आणि दुसऱ्या वर्षाचा व्हिसाही हातचा गेला. मार्तंडचं काय झालं, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, खुशाल परदेशी जा. पण नियम वाचाल तेव्हा तुमच्या हक्काचेही वाचा. तिथे पोहोचल्यावर कुणी आपुलकीने मागितलं, तरी मालकाच्या खणात मला ठेवू नका.

मध्यंतरी गल्लीतली ऋतिका आली होती. तिचंही नाव सोडतीत निघालंय. तेजलने मला बाहेर काढून हेच सारं तिला बजावलं.

"पण ताई, माझ्याकडून हरवला तर?"

"हरवला तर नवा मिळतो गं," तेजल म्हणाली, आणि पप्पांच्या रिकाम्या खाटेकडे बघत राहिली.