जांभळ्या ठिपक्यांचं पाप

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पडद्यावर माझ्या भाचीचं रक्त दिसत होतं, हजारपट मोठं. जांभळे ठिपकेच ठिपके.

"हे पाप!" काचबाबा गरजले. "आता बघा माझी फुंकर!"

नवा थेंब, नवी काच, एक फुंकर. पडदा स्वच्छ! ठिपका औषधालाही उरला नव्हता. टाळ्यांनी छत हाललं. माझी ताई बाबांच्या पायांवर कोसळली. पोरीला रक्ताचा कर्करोग. दोन महिन्यांपूर्वी बाबांच्या शब्दावर इस्पितळाची औषधं बंद केलेली.

मी रक्त तपासणारी. वीस वर्षं अशाच काचा रंगवतेय. आणि चूक माझीच. आजार कळला तेव्हा ताईला सूक्ष्मदर्शकातून दाखवत मी म्हणाले होते, "ते जांभळे दिसतात ना, तेच वाईट." त्या अर्ध्या वाक्यामुळेच ताई या माणसाच्या गळाला लागली.

प्रयोगशाळेतून आणलेल्या रंगाच्या बाटल्या घेऊन मी व्यासपीठावर चढले.

"बाबा, पहिली काच रंगवलीत, दुसरी रंगवली नाहीत तुम्ही."

"बाई, देवाला रंग लागत नाही!"

"देवाला नाही हो. पेशींना लागतो."

काच हिसकावून घेतली, झटपट रंग दिला, धुऊन भिंगाखाली ठेवली. जांभळे ठिपके परत, पहिल्याहून दाट. मग स्वतःचं बोट टोचलं, ती काचही रंगवली. तिच्यातही चारदोन ठिपके.

"या पांढऱ्या पेशी. सगळ्यांच्याच अंगात असतात, राखणदार म्हणून. पोरीच्या बिघडल्यात आणि भरमसाट वाढल्यात. रंग दिला नाही, तर कुणाच्याच दिसणार नाहीत!"

बाबा हसले. "बघितलंत? संशय आत शिरला आणि पाप परत आलं!"

पुन्हा टाळ्या. मागून कुणी ओरडलं, "अहो, हिच्या तर स्वतःच्याच रक्तात आहे!"

बाहेर पायऱ्यांवर मी ताईचा हात धरला. "उद्या इस्पितळात चल. उशीर झालाय, तरी चल."

"तुझं पटतंय गं," ती म्हणाली. "पण इथे ती बरी झालीये. तिथे नेली की परत आजारी." आणि पोरीला घेऊन आत गेली.

भाची सहा आठवड्यांनी गेली. बाबांची रांग तशीच आहे.

देव मीही मानते, मनापासून. पण त्याला कधी रंगाची बाटली लपवावी लागत नाही. म्हणून हात जोडून सांगते: कुणी बरं झाल्याची काच दाखवली, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, पहिल्या काचेला जे केलं, ते हिलाही केलं का?