तपासणीआधीची साक्ष

कानाची तपासणी मंगळवारी होती आणि कान बरा झाल्याची साक्ष मास्तरांनी रविवारीच देऊन टाकली होती.

मास्तर म्हणजे पियानो लावणारे. आयुष्यात त्यांनी कुणाला काही शिकवलं नव्हतं. पण संगीतशाळेतले सगळे पियानो तीस वर्षं तेच सुरात ठेवत आले होते, म्हणून चर्चच्या मंडळीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या कानातून वरच्या टोकाचे सूर नाहीसे झाले. पट्टी दाबली की बोटाला कळे, कानाला पत्ता नसे. मग पियानो बेसूर लागत असल्याची शाळेत तक्रार झाली, आणि प्राचार्यांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, "कानाचा रिपोर्ट आणून द्या, मग पुढचं बोलू."

रविवारी सकाळी त्यांना पलीकडच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. त्यांनी ती खूण मानली आणि उपासनेत उभं राहून सांगितलं, "प्रभूने माझा कान उघडला!" टाळ्या झाल्या. गुडघेदुखीवाल्या तिघांनी त्यांना घरी येऊन प्रार्थना करायची गळ घातली.

"टिकटिक डाव्या कानाने ऐकलीत तुम्ही," घरी आल्यावर बायको म्हणाली.

"जरा विश्वास ठेव गं."

"कुणावर? देवावर आहेच. तुमच्या कानाचं म्हणत असाल तर मंगळवारी बघू."

मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर मास्तरांचे तळहात घामाने ओले झाले होते.

"रिपोर्ट वाईट आला तर?"

"तर वाईट आला."

"अगं, पण लोकांना काय सांगायचं? आणि काम गेलं तर?"

"लोकांना सांगायला मी गेले होते का?" असं म्हणून तिने त्यांचा ओला हात आपल्या हातात घट्ट धरला. एरवी चारचौघांत ती असं काही करत नसे, त्यामुळे मास्तर जास्तच घाबरले.

इतकी वर्षं मास्तर आजाऱ्यांना भेटायला जात. खुर्ची ओढून बसत, चहा घेत आणि सांगत, "संकटातूनच प्रभू आपल्याला वाढवतो." आजारी माणूस मान हलवी. त्याला उठून जाता येत नसे. मास्तरांना आता त्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून आठवू लागले.

तपासणीची खोली कपाटाएवढी होती. तपासणीवाल्या मुलीने त्यांना हेडफोन घातला आणि हातात बटण दिलं. "काका, आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आला तरी दाबायचं." दार बंद झालं. काचेपलीकडे ती मशीनवर वाकली.

काहीच ऐकू येईना. आवाज येऊन गेला असेल तर? आणि कान उघडलाय असं मानलंय, तर मानल्यासारखं वागायला नको का? त्यांनी डोळे मिटले आणि विश्वासाने बटण दाबलं. परत दाबलं. मग अंदाजाने, ठेक्यात, दर चार सेकंदांनी दाबत राहिले.

दार उघडलं. "काका, मी अजून मशीन सुरूच केलेलं नाही."

मास्तरांनी खाली मान घातली. साक्ष, शाळा, प्राचार्य, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मुलीने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"विश्वास मोजायचं मशीन आमच्याकडे नाहीये काका. फक्त कानाचं आहे. ऐकू आलं तरच दाबा, नाही आलं तर नुसते बसा."

नुसतं बसणं फार अवघड गेलं. काचेपलीकडे तिचा हात हलत होता, म्हणजे आवाज येत होते आणि जात होते. मास्तरांचा अंगठा शिवशिवत होता. घाबरून ते प्रार्थना करू लागले, आणि अर्ध्यातच थांबले. प्रार्थनेतही आपण हेच करत आलो, त्यांना वाटलं. देवाने तोंड उघडायच्या आत बटण दाबायचं आणि ऐकू आलं म्हणून जाहीर करायचं.

"कान गेलाय, बापा," ते पुटपुटले. "तू राहा." उत्तर काही आलं नाही. त्यांनी बटण दाबलं नाही.

डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगून टाकलं. उजव्या कानाची नस अधू झाली होती. वरचे आवाज परत येणार नव्हते. डावा चांगला होता, तो सांभाळायचा.

बुधवारी मास्तरांनी रिपोर्ट प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. प्राचार्य दोनदा वाचून म्हणाले, "बघू." त्या एका शब्दाने मास्तरांना शनिवारपर्यंत काळजी करायचं पुरेसं काम दिलं.

रविवारी ते पुन्हा उभे राहिले. गुडघेदुखीवाले तिघे पुढच्याच बाकावर होते.

"गेल्या वेळी मी घाई केली. कान उघडलेला नाही. उघडणारही नाही, असं डॉक्टर म्हणतात. काम राहील की जाईल, ठाऊक नाही. हे का आलं तेही मला कळलेलं नाही. पण खोटा कान घेऊन देवापुढे बसत होतो, ते आता सुटलं. प्रभूला मी सोडलेलं नाही. त्यानेही मला सोडलं नसावं."

टाळ्या झाल्या नाहीत. कुणीतरी खोकलं. मास्तर खाली बसले.

उपासना संपल्यावर मंडळीचे सचिव वही घेऊन आले. साक्षी एका पानावर आणि प्रार्थनेच्या विनंत्या दुसऱ्या पानावर लिहायची त्यांची शिस्त होती. त्यांनी पेन आधी एका पानावर टेकवलं, मग दुसऱ्यावर.

"मास्तर, तुमचं हे नक्की कशात धरायचं?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

"साक्षीत धरा," मास्तर म्हणाले. सचिवांनी लिहायला घेतलं, तसा मास्तरांनी हात पुढे केला. "आणि विनंतीतही लिहा. मला फार भीती वाटतेय."